सराईच्या देवडीतला रांजण

ईशान आणि गौरी,

मागच्या रविवारी फोनवर तुम्ही मला घर दाखवायला सांगितलंत. मी फोन पुढं धरून अंगणातून चालत होते, तेवढ्यात माझ्यामागून तिघं अनोळखी माणसं कमानींकडं गेली आणि गौरी ओरडली, "अज्जी, तुझ्या घरात कोणीतरी शिरलंय!" मी म्हटलं, "रोजच शिरतात." तुम्ही दोघं हसलात. तुमचे बाबा, म्हणजे माझा राजू, पडद्याच्या कडेला बसला होता. तो हसला नाही. उठून गेला.

म्हणून हे लिहायला बसले आहे. दिवाळीत तुम्ही येणार. तोपर्यंत आपल्या दाराला लोखंडी फाटक बसवायचं, त्याला कुलूप घालायचं, 'खाजगी घर, आत येऊ नये' अशी पाटी लावायची आणि जाताना मला कॅनडाला घेऊन जायचं, असं राजूनं ठरवलं आहे. फाटक उमरग्याहून आलंसुद्धा. ते देवडीच्या भिंतीला टेकून उभं आहे. परवा एका पाहुण्यानं त्याचाही फोटो काढला आणि विचारलं, हे कुठल्या काळातलं? मी सांगितलं, गेल्या महिन्यातलं. मी ते बसवू दिलेलं नाही आणि परतही पाठवलेलं नाही. असं का, ते तुम्हाला कळायला हवं. त्यासाठी एका दिवसाची गोष्ट सांगावी लागेल. तो दिवस तुम्हाला कोणी सांगितलेला नाही, कारण तेव्हा तुम्ही दोघंही नव्हता, आणि तुमच्या बाबांना तो आठवायला आवडत नाही.

हे सगळं इंग्रजीत लिहिता आलं असतं. मी इंग्रजी घेऊन बी.ए. केलं आहे आणि तुमचं मराठी वाचन अजून अडखळतं. पण या घरातली माणसं इंग्रजीत बोलली नाहीत. त्यांच्या तोंडी ती भाषा घातली तर ती माझ्या ओळखीची राहणार नाहीत. शिवाय मराठीत लिहिलं की ते तुम्हाला बाबाच वाचून दाखवणार. तेही मला हवं आहे.

आधी घर कसलं ते सांगते. सराई म्हणजे जुन्या काळची मुक्कामाची जागा. सोलापूरकडून हैदराबादकडं माल नेणारे गाडीवान, व्यापारी, यात्रेकरू अंधार पडायच्या आत इथं पोचत, बैल सोडत, भाकरी भाजून खात आणि सकाळी पुढं निघत. मध्ये मोठं अंगण, अंगणात दगडी हौद, तीन बाजूंना कमानीच्या खोल्यांच्या ओळी आणि चौथ्या बाजूला दरवाजा. दरवाजातून आत आल्याबरोबर दोन्ही अंगांना जे उंच दगडी ओटे आहेत, छप्पर असलेले, त्यांना देवडी म्हणतात. पूर्वी तिथं राखणदार बसत. ही सराई नक्की कोणी बांधली याचा कागद आपल्याकडं नाही. येणारे अभ्यासक वेगवेगळं सांगतात आणि मी सगळ्यांपुढं मान डोलावते. निजामाच्या राजवटीत देखभाल आपल्या घराण्याकडं आली. पुढं मोटारी आल्या, मुक्काम करणारे संपले, आणि आपली माणसं उत्तरेच्या ओळीत राहायला लागली. माझं स्वयंपाकघर म्हणजे दोन खोल्यांमधली भिंत काढून केलेली एक खोली. फ्रीज आहे तिथं कधीकाळी एखाद्या व्यापाऱ्याचं अंथरूण पडत असेल.

मग मोठा रस्ता लांबून गेला. काही वर्षं इकडं कोणी फिरकत नव्हतं. त्यानंतर नवीनच माणसं यायला लागली. तुळजापूरला दर्शन घेऊन नळदुर्गचा किल्ला बघायला निघालेले लोक वाटेत इकडं वळतात. त्यांना मुक्काम करायचा नसतो, बघायचं असतं. कमानी बघायच्या, आणि दगडांवर जुन्या प्रवाशांनी कोरून ठेवलेल्या खुणा बघायच्या. तराजू आहे, घोडा आहे, हाताचा पंजा आहे, फरशीवर वाघ-बकरी खेळायचा पट आहे. पूर्वेच्या ओळीतल्या शेवटच्या खोलीत एक कोंबडी आहे. निदान आम्ही तिला कोंबडी म्हणत होतो.

लोक मला विचारतात, तुम्ही नोकरी कुठं केलीत? मी राहत्या घरात घर दाखवायचं काम केलं. नेमणूक कोणी केली नाही आणि निवृत्त कोणी करत नाही. बाहेरच्याला वाटतं यात काय आहे. सांगते. दोरीवरचे कपडे पाहुणे यायच्या वेळेआधी मागं न्यायचे. आजारी माणसाची खाट कधीच अंगणाकडच्या खोलीत ठेवायची नाही. जेवताना कोणी आलं तर घास खाली ठेवायचा नाही, पण पाठही करायची नाही. ज्या खोल्या दाखवायच्या नाहीत त्यांची दारं बंद ठेवायची नाहीत, कारण बंद दार लोक हमखास ढकलतात. त्याऐवजी दारात पायपुसणं आणि चपला ठेवायच्या, म्हणजे माणूस आपोआप मागं फिरतो. हे मी स्वतः शोधून काढलं आहे आणि मला त्याचा थोडा अभिमान आहे. तरीही एकदा दुपारी मी कोठीतून आले तर एक सभ्य गृहस्थ माझ्या पलंगावर डोळे मिटून आडवे झाले होते. म्हणाले, "जुन्या काळात गेल्यासारखं वाटतंय." ती गादी मी त्याच वर्षी सोलापूरहून आणली होती.

प्रश्नही ठरलेले. भूत आहे का? गुप्तधन सापडलं का? इथं सिनेमाचं शूटिंग झालंय का? या तिन्हींना नाही म्हटलं की अर्ध्या लोकांचा चेहरा पडतो.

हे काम मी शिकले ते अव्वांकडून, म्हणजे माझ्या सासूबाईंकडून. आपल्याकडं सीमेजवळच्या लिंगायत घरांत मराठीत कानडी मिसळलेली असते; म्हणून मी तुमची अज्जी आणि आजोबा तुमचे अज्जा. अव्वांना ना इंग्रजी येत होतं ना लिहिता येत होतं. देवडीत पिण्याच्या पाण्याचा मोठा रांजण आहे, त्याच्या शेजारी त्या बसायच्या. मी नवी सून होते. एका दुपारी एक माणूस सरळ आत येऊन रांजणातलं पाणी पीत होता. मी कॉलेजात शिकलेल्या पद्धतीनं, नम्रपणे विचारलं, "आपण कोण?" अव्वा माझ्याकडं बघून म्हणाल्या, "आधी पाणी पिऊ दे की गं. नाव कुठं पळून चाललंय व्हय?"

या घराचा हा नियम आहे. पाणी पिऊन होईपर्यंत आलेल्याला नाव, गाव, जात काही विचारायचं नाही. दुसरा नियम असा की रांजण सकाळी घरच्याच माणसानं भरायचा. मी एकदा म्हटलं, कस्तुरबाई झाडायला येते, ती भरेल. अव्वा म्हणाल्या, "तिनं भरलं तर त्ये तिचं पाणी झालं. आलेला पाव्हणा कुणाचा हाय? आपला न्हवं?" कस्तुरबाई तेव्हा तरुण होती. ती झाडू थांबवून म्हणाली, "बरं झालं बाई, तेवढं तरी मालकिणीच्या वाट्याला आलं." ती कस्तुरबाई माझ्याबरोबर इथं म्हातारी झाली. फोनवर तुम्हाला जी हात हलवते ती.

अव्वांना एकच गोष्ट खटकायची, ती कोंबडी. मांसाहार नसलेल्या घरात भिंतीवर कोंबडी कशाला, असं म्हणून त्या त्या खोलीत जात नसत. उलट अज्जा ती कोंबडी मुद्दाम दाखवायचे. "गाडीवानाला भूक लागली आसंल," म्हणायचे, "भाकरीबरोबर खायला कायतरी पायजे की." लोक हसायचे. मीही तेच सांगत आले. इंग्रजीतसुद्धा. एकदा एक परदेशी जोडपं आलं होतं, त्यांना मी सगळं समजावून सांगितलं. ते बराच वेळ अंगणात उभे राहून एकमेकांशी बोलत होते. अव्वांनी विचारलं, "काय म्हणत्यात गं?"

"म्हणतात, इथं किती शांत आहे."

"मग गप बसा म्हणावं की त्यास्नी."

अज्जांचं काम माझ्यापेक्षा वेगळं होतं. शेतावरून आले की ते देवडीत खुर्ची टाकून बसायचे. कोणी आलं की, "या, बर्री बर्री, आधी पाणी." मग मला हाक. खुणा दाखवणं माझं, गोष्टी सांगणं त्यांचं. उमरग्याहून एकदा मुलींच्या शाळेची सहल आली होती. एक मुलगी कंपासपेटीतल्या कर्कटकानं कमानीवर आपलं नाव कोरताना सापडली. बाईंनी हात उगारला. मुलगी तराजूच्या खुणेकडं बोट दाखवून म्हणाली, "मग त्या माणसाला कुणी मारलं न्हाय का?" बाईंनी माझ्याकडं पाहिलं. त्या खुणेचं मीच आत्ता कौतुक केलं होतं. अज्जा खुर्चीतून म्हणाले, "मारलं आसंल की पोरी. मार गेला, तराजू ऱ्हायला. पण आता भिंत म्हातारी झालीय. तिला दुखतंय." मुलीनं कर्कटक खिशात घातलं. ते अर्धं नाव अजून तिथं आहे. मी ते पाहुण्यांना दाखवत नाही, पण पुसलंही नाही.

आता तुमच्या बाबांची बाजू. ती मी न सांगता पुढं गेले तर ते बरोबर होणार नाही.

राजू या घरात वाढला म्हणजे लोकांच्या नजरेसमोर वाढला. अभ्यासाला बसला की कोणीतरी वहीत डोकावून विचारणार, कितवीत आहेस रे? पतंग उडवला की कोणीतरी म्हणणार, जरा बाजूला हो बाळ, फोटोत येतोयस. तो लहान असताना एकदा हौदाजवळच्या दगडावर अंघोळ करत होता. एक टोळकं आत आलं आणि त्यातल्या एकानं हसत त्याचा फोटो काढला. राजू तसाच ओल्या अंगानं आत पळाला. त्या माणसाचं पाणी पिऊन झालेलं होतं, म्हणून मी त्याला नावही विचारलं आणि बाहेरही काढलं. पण फोटो त्याच्याबरोबर गेला. त्यानंतर राजूनं कधी अंगणात अंघोळ केली नाही. पुढं तो शिकायला पुण्याला गेला आणि पहिल्या सुट्टीत आला तेव्हा मला म्हणाला, "आई, तिथल्या खोलीला आतून कडी आहे." हे तो फार आनंदानं म्हणाला.

आता तो दिवस.

अज्जा पहाटे झोपेतच गेले. दुपारपर्यंत राजू पुण्याहून पोचला. आपल्या लिंगायत घरांत माणूस गेला की त्याला आडवं ठेवत नाहीत. अंघोळ घालतात, स्वच्छ कपडे नेसवतात, कपाळाला भस्म लावतात, तळहातावर त्याचं रोजच्या पूजेचं इष्टलिंग ठेवतात आणि बसवतात. शेवटी समाधीच्या खड्ड्यातही बसलेलंच ठेवतात. तुम्ही हे पाहिलेलं नाही म्हणून सांगते. यात भिण्यासारखं काही नसतं. माणूस पूजेला बसल्यासारखा दिसतो. अज्जांना त्यांच्या रोजच्या जागी, देवडीत बसवलं होतं. मागं आधाराला लाकडी पाट होता. गळ्यात हार होते. समोर अणदूरची भजनी मंडळी भजन म्हणत होती. मी त्यांच्या पायाशी बसले होते, कस्तुरबाई माझ्या मागं. शेतात समाधीची जागा तयार होत होती. नातेवाईक यायचे होते, म्हणून दार उघडं होतं. आणि खरं म्हणजे ते उघडंच असतं.

तेवढ्यात एक बाई आत आल्या. निळी साडी, खांद्याला पर्स, प्रवासानं चुरगळलेल्या. त्यांनी अज्जांकडं पाहिलं आणि त्यांचा चेहरा उजळला. चपला काढून त्या सरळ पुढं आल्या, वाकून नमस्कार केला आणि म्हणाल्या, "आजोबा, आज तुमचा सत्कार आहे वाटतं! आम्ही नेटवरचा तुमचा व्हिडिओ बघूनच आलोय. माझे वडील गाडीत आहेत. त्यांना एक खूण बघायची आहे, तुम्हीच सांगू शकाल."

भजन थांबलं.  शेवटी कस्तुरबाई म्हणाली, "बाई, अवो मालक वारलेत सकाळी."

त्या बाई हात जोडलेल्या तशाच उभ्या. म्हणाल्या, "पण ते तर बसलेत."

मग त्यांना कळलं. त्या मटकन खाली बसल्या आणि तोंडावर पदर धरून, चुकले हो, चुकले हो, एवढंच म्हणत राहिल्या. मी उठून रांजणातलं पाणी त्यांना दिलं. हात आपोआप तिकडं गेला. पाणी पिऊन त्या म्हणाल्या, "आम्ही निघतो. बाबांना सांगते, घर बंद आहे."

पण त्यांचे बाबा तोवर गाडीतून उतरून, काठी टेकत दारापर्यंत आले होते. खूप म्हातारे, अंगानं वाळलेले, अज्जांपेक्षाही वयानं मोठे. त्यांनी अज्जांना पाहिलं आणि काय झालंय ते एका नजरेत ओळखलं. गावाकडं वाढलेला माणूस असणार. काठी बगलेत धरून हात जोडले. मुलीला म्हणाले, "चल गं. आज न्हाय."

मी विचारलं, "परत कधी याल?"

 उत्तर मुलीनं दिलं. पुण्यातलं घर आवरून त्या वडिलांना भावाकडं हैदराबादला नेत होत्या, कायमचं. सामान आधीच पुढं गेलं होतं. वडिलांनी वाटेत एकच ठिकाण थांबायला मागितलं होतं, ते हे. त्यांचे आजोबा मालाच्या गाड्या हाकायचे आणि सांगायचे, की सराईत माझा मोर आहे.

मोर! मी म्हटलं, "आमच्याकडं मोर नाही हो." आणि म्हणताना मला वाटलं, हे दारात उभं राहून सांगायचं नाही. शोधून मग सांगायचं.

मी आमच्या स्वामींकडं पाहिलं. तेच सगळे विधी करत होते. ते म्हणाले, "आपल्यात सुतक न्हाय, अक्का. दाखवायचं तर दाखवा. आमी थांबतो." मागं बायकांत कुजबुज झाली. अजून नवरा देवडीत बसलाय आणि ही पाव्हणे फिरवायला निघाली, असं कोणीतरी बोललंच. राजू माझ्या जवळ आला. कोणाला ऐकू जाऊ नये अशा आवाजात म्हणाला, "आई, आज तरी हे घर आपलं असू दे."

मी ऐकलं. आणि तरी गेले.

का गेले, ते राजूनं मला कधी विचारलं नाही, म्हणून कधी सांगितलं गेलं नाही. त्या म्हाताऱ्याला परत कोणी आणणार नव्हतं, हे एक. अज्जांनी उभ्या आयुष्यात दारातून कोणाला माघारी पाठवलं नव्हतं, आणि ते स्वतः दारात बसलेले असताना मी पाठवणार नव्हते, हे दुसरं. तिसरं असं, की मला तिथून उठायचं होतं. पहाटेपासून मी त्यांच्या पायाशी बसले होते आणि माझे हात रिकामे होते. कमानी दाखवणं हे आम्ही दोघांनी मिळून केलेलं काम होतं. ते करताना अज्जा थोडा वेळ माझ्याबरोबर चालतील असं मला वाटलं. तसंच झालं.

आम्ही तिघं दक्षिणेच्या ओळीपासून सुरू झालो. म्हाताऱ्यांना दिसत कमी होतं; ते प्रत्येक दगडावरून हात फिरवायचे आणि मान हलवायचे. तराजू, न्हाय. घोडा, न्हाय. अंगणापलीकडं भजन पुन्हा सुरू झालं होतं. मला ते ऐकू येत होतं आणि वेळ जातोय हेही कळत होतं. पूर्वेच्या ओळीतल्या शेवटच्या खोलीत पोचलो तेव्हा मी म्हटलं, "इथं एक कोंबडी आहे फक्त."

त्यांनी बोटं फिरवली. डोकं, तुरा, मान, पोट. बोटं शेपटीच्या जागी आली आणि दोन रेघांवर थांबली. त्या दोन रेघा मी रोज बघत होते. मला त्या दगडाच्या चिरा वाटायच्या.

"शेपूट ऱ्हायलं," ते म्हणाले. "आमचा आज्जा म्हणायचा, रातच्याला दिव्यावर काढत बसलो, सकाळी गाड्या लवकर जुंपल्या. फुडच्या खेपंला शेपूट काढतो म्हणला. मग लॉऱ्या आल्या. खेपच झाली न्हाय." त्यांनी कपाळ दगडाला टेकवलं. मुलगी म्हणाली, "बाबा, चला आता." ते म्हणाले, "चल की. आता कुठंबी चल."

परत देवडीत आल्यावर त्यांना दम लागला होता. बसायला जागा एकच होती, अज्जांच्या शेजारी ओट्यावर. ते तिथं बसले. एक हार घातलेला, डोळे मिटलेला, आणि एक धापा टाकत पाणी पिणारा, असे दोन म्हातारे शेजारी शेजारी. पेला खाली ठेवून ते अज्जांना म्हणाले, "मालक, तुमच्याकडं आमची वस्तू व्हती. मिळाली. येतो." मग उठून गेले.

गाडी गेल्यावर माझ्या लक्षात आलं, की पाणी पाजलं पण नाव विचारायचं राहिलं. मला त्यांचं नाव आजही माहीत नाही.

अज्जांना नेलं. शेतात आंब्याखाली त्यांची समाधी आहे, तिथं तुम्ही मागच्या वेळी खेळला होता. राजू सगळे विधी नीट करत होता, पण माझ्याशी एक शब्द बोलला नाही. त्या दिवशी नाही आणि नंतरही फार दिवस नाही. पुढं त्याला कॅनडात नोकरी मिळाली, तेव्हा त्यानं ती बातमी मला फोनवर दिली आणि म्हणाला, "तिथं कोणी न विचारता घरात येत नाही." मी म्हटलं, "चांगलं आहे." खरंच चांगलं आहे. अंगणात अंघोळ करायला ज्याला परत कधी जमलं नाही, त्याला तसं घर मिळायलाच हवं.

पण एक गोष्ट मी इतकी वर्षं बोलले नाही, ती आता लिहिते.

समाधीच्या दुसऱ्या दिवशी मला जाग आली तेव्हा ऊन अंगणात आलं होतं. मी घाबरून उठले, कारण रांजण भरायचा राहिला होता. लग्न होऊन आल्यापासून असं कधी झालं नव्हतं. देवडीत गेले तर फरशी ओली. रांजणाचं झाकण काढलं, तर पाणी काठापर्यंत. कस्तुरबाई अजून यायची होती, नातेवाईक झोपलेले होते. मला घरातली प्रत्येक वस्तू जागच्या जागी लागते, तुम्ही दोघं त्यावरून मला चिडवता. तांब्याची घागर मी नेहमी रांजणाच्या डाव्या अंगाला पालथी घालते. त्या सकाळी ती उजव्या अंगाला होती आणि सरळ ठेवलेली होती. या घरात घागर उजवीकडं आणि सरळ ठेवणारा एकच माणूस होता. लहानपणापासून त्याला मी त्यावरून बोलत आले होते.

राजू, हे मोठ्यानं वाचतोयस ना? थांबू नकोस. मुलांना पुढचंही ऐकू दे.

मी घागर हलवली नाही. तुला काही विचारलंही नाही. तू बोलत नव्हतास, आणि मी विचारलं असतं तर तू कदाचित नाही म्हणाला असतास. मला ते 'नाही' ऐकायचं नव्हतं.

आता फाटकाचं. तुझी काळजी खोटी नाही. मी एकटी असते, गुडघे दुखतात, आणि येणारे सगळेच चांगले नसतात. रात्रीसाठी फाटक बसवू, कुलूप तूच निवड. हिवाळ्यात मी बर्फ बघायला कॅनडाला येईन आणि गुढीपाडव्याच्या आत परत येईन. मी नसेन तेवढे दिवस दार बंद राहील, कारण रांजण भरायला घरचं माणूस नसेल. कस्तुरबाईला हे सांगितलं तर म्हणाली, "आता तरी म्या भरते की, आक्का. आता म्या घरचीच न्हवं का?"  अव्वा असत्या तर काय म्हणाल्या असत्या याचा विचार करते आहे. बहुतेक तिला हो म्हणेन. ज्या सकाळी खरोखरच कोणी घरचं उरणार नाही, त्या सकाळपासून दिवसाही कुलूप लावा. त्याला माझी हरकत नाही.

ईशान, गौरी, तुम्ही याल तेव्हा इथं काय काय असेल ते लिहून ठेवते, म्हणजे उगाच मोठ्या अपेक्षा ठेवून येऊ नका. हौद कोरडा आहे. दक्षिणेच्या ओळीतल्या दोन खोल्यांचं छत उतरलं आहे, तिथं जायचं नाही. तराजू, घोडा आणि पंजा आहेत. शेपूट राहिलेला मोर आहे. आता मी त्याला मोरच म्हणून दाखवते. अज्जांची खुर्ची देवडीत आहे. येणाऱ्यांकडं आता आपापल्या बाटल्या असतात आणि रांजणातलं पाणी फार थोडे पितात. तरी तो आहे. आज सकाळी मी तो भरला. घागर उजवीकडं आहे, सरळ.